मधाच्या चालीचा चहा

मच्छिंद्र लांडे यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. शेवगाव डेपोचे ड्रायव्हर. गावात आणि घरात सगळे त्यांना नाना म्हणत. या एकतीस वर्षांत नानांनी किती स्टँडवरचा चहा प्यायला असेल, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. ड्यूटी संपवून घरी आले की ओसरीवर टेकून ते त्या चहांच्या गोष्टी सांगत. मिरजगावच्या म्हाताऱ्याच्या चहाला कशी तोड नाही, शिरूरला एक जण दुधात चहा कसा उकळतो, पैठणला बशीतून प्यायलेल्या चहाची चव दिवसभर कशी जिभेवर राहते. हे सांगताना त्यांच्या हातात घरच्या चहाचा कप असे. तो पिऊन होई, कप खाली ठेवला जाई, गोष्ट पुढे चालू राही. बायडाबाई, त्यांची बायको, कप उचलून आत नेई. चहा कसा झालाय हे तिनं कधी विचारलं नाही आणि नानांनी कधी सांगितलं नाही.

रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती. एका सकाळी दात घासताना नानांच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. मुलानं, सुनीलनं, शेजाऱ्याच्या गाडीत घालून त्यांना नगरला नेलं. बावीस दिवसांनी नाना घरी आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय त्यांचा राहिला नव्हता, आणि बोलणंही गेलं होतं. एकच शब्द तेवढा शिल्लक होता. "चल." हो म्हणायचं असलं तरी "चल", नको असलं तरी "चल". कूस बदलायची असली तरी तेच. आपण काय म्हणतोय आणि तोंडातून काय निघतंय, हे नानांना स्वतःला नीट कळत होतं. तेच त्यांना जास्त लागायचं.

त्यांचा पलंग मधल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारासमोर टाकला. काम करताना बायडाबाईला नाना दिसत राहावेत म्हणून. पण त्यामुळे नानांनाही बायडाबाई दिसू लागली.

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. रिटायर झाल्यावरही नानांचा दिवस बाहेर पारावरच जायचा. या बाईला सलग दिवसभर बघायची वेळ नानांवर पहिल्यांदाच आली.

पहिले दोन दिवस त्यांनी नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की या घरात सगळ्यांना एकच चहा होतच नाही. बायडाबाई आधी कोरा चहा उकळायची. आलं पत्तीचा रंग उतरल्यावरच टाकायची, आधी कधी नाही. दूध शेजारच्या शेगडीवर वेगळं तापवायची. मग त्या एका कोऱ्या चहातून सुनीलचा कडक चहा निघायचा, सून ज्योतीचा दुधाळ निघायचा, आणि शेजारची भागूबाई आली तर तिचा गुळाचा. पातेल्यावर झाकण ठेवून बायडाबाई क्षणभर मान कलती करायची. नानांना आधी वाटलं, मान अवघडली असेल. नंतर कळलं, की ती उकळीचा आवाज ऐकतेय. गिअर बदलायच्या आधी ते स्वतः इंजिनाचा आवाज ऐकायचे, अगदी तसंच.

एकदा ज्योती तिच्याशेजारी उभी राहून शिकत होती. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली पोर, बोलायला मोकळी.

"नानांचा चहा रोज निराळा लागायचा बघ," बायडाबाई तिला सांगत होती. "पुन्याची गाडी करून आले, की आलं जादा. उन्हातनं आले तर आलं न्हाई, गवती चहाच्या दोन पाती. अन् डेपोत कुनाशी वाजलं असलं, तर साखर अर्धा चमचा वाढवायची."

"पण वाजलंय हे तुम्हाला कळायचं कसं, आई? ते सांगायचे?"

"ते कशाला सांगत्यात. चप्पल काढायच्या आवाजावरनं कळायचं."

पलंगावर नानांचे डोळे उघडे होते. त्यांना वाटायचं, घरचा चहा म्हणजे घरचा चहा, रोज तोच. एकतीस वर्षं कुणीतरी दाराआड उभं राहून आपल्या चपलांचा आवाज ऐकत होतं आणि त्याप्रमाणे डब्यात चमचा घालत होतं. किती वेळा भांडून आलो आणि तो चहा पिऊन अर्ध्या तासात सगळं विसरलो, ते नाना आठवू लागले. त्यांना काहीतरी म्हणावंसं वाटलं.

"चल," ते म्हणाले.

बायडाबाई हात पुसत आली. "काय पायजे? कूस वळवू?"

नानांनी डोळे मिटून घेतले.

नानांना चहा मात्र मिळत नव्हता. पाणीसुद्धा मिळत नव्हतं. दवाखान्यात नाकात घातलेली नळी काढल्यावर खाणं सुरू झालं होतं, पण सगळं मऊ, घट्टसर. गिळण्याचे आणि बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक पूजा मॅडम दर पंधरा दिवसांनी नगरहून शेवगावला एका दवाखान्यात येत. त्यांनीच बजावलं होतं.

"गिळताना श्वासाची वाट बंद व्हावी लागते," मॅडम म्हणाल्या होत्या. "यांची ती उशिरा बंद होते. पातळ पदार्थ तेवढ्यात आत घुसतो आणि छातीत उतरतो. दाट असेल तर सावकाश जातो, वाट बंद व्हायला वेळ मिळतो."

नानांना हे चटकन समजलं. रेल्वेचं फाटक पडायच्या आत गाडी घुसवली की काय होतं, हे ड्रायव्हरला वेगळं सांगावं लागत नाही.

"मंग चहा?" बायडाबाईनं विचारलं.

"साधा चहा अजिबात नाही. दाट केला तर चालेल. चमच्यातून सोडला की मधासारखा पडला पाहिजे. त्याहून पातळ नको आणि गोळा झालेलाही नको."

"मधासारखा," बायडाबाई पुटपुटली. एखादा पत्ता पाठ करावा तशी.

मॅडमनी दाट करायची पावडर लिहून दिली होती. ती घालून केलेल्या चहाचा पहिला चमचा नानांनी तोंडातच धरून ठेवला, आणि मग हनुवटीवरून बाहेर येऊ दिला. बायडाबाईनं स्वतः एक चमचा चाखला.

"खळ हाय ही," ती म्हणाली. "भिंतीला कागूद चिटकवायची. चहा न्हाई ह्यो."

दुसऱ्या दिवसापासून तिनं सुरुवात केली. नाना सगळं समोरून बघत होते. नाचणीचं सत्व घातलं, तर आंबिलीची चव आली. साबुदाणा शिजवून घोटला, तर बारीक कण राहिले. इसबगोल घातला तेव्हा रंग आणि चव छान राहिली. पण ती वाटी तिनं लगेच पुढं केली नाही, घड्याळाकडं बघत बाजूला ठेवून दिली. दहा मिनिटांनी बोट लावलं, तर वाटीत चहाची वडी झाली होती. ती तिनं तशीच मोरीत ओतली.

यातला एकही चहा तिनं आधी नानांना दिला नाही. ती खुर्ची ओढून बसायची, नानांना शिकवलं होतं तशी हनुवटी छातीला लावायची, आणि एक चमचा स्वतः गिळायची. डोळे मिटून. कुठं अडकतंय, कुठं घसरतंय, ते बघायची. भागूबाईनं एकदा दारातून ते बघितलं आणि ज्योतीला हळूच विचारलं, सासूला बरं नाही का म्हणून.

आठव्या नवव्या दिवशी तिनं फडताळातून तवकिराचा डबा काढला. उपासाला ज्याच्या वड्या करतात ते तवकीर. चमचाभर गार पाण्यात कालवलं आणि उकळी आलेल्या चहाची आच कमी करून त्यात बारीक धारेनं सोडलं, एकाच दिशेनं ढवळत. चहाची वाफ बदलली, रंग जरा चकाकला. पिठूळ वास जाईपर्यंत शिजवलं. मग तिनं एक स्टीलची ताटली घेतली, कडेला पोळपाट लावून तिरकी केली. वरच्या बाजूला एका चमच्यानं मधाचा थेंब ठेवला आणि त्याच्याशेजारी चहाचा.

नाना उशीवरून मान वर करून बघत होते. दोन थेंब उतरायला लागले. चहाचा थेंब भरभर पुढं गेला आणि मध मागं राहिला. बायडाबाईनं मान हलवली. तवकीर वाढवलं. पुन्हा दोन थेंब. या वेळी चहाचा थेंब निम्म्यातच थांबला. पुन्हा. सकाळचे नऊ वाजले, दहा वाजले. मध्ये तिला कळलं, की गरम असताना पातळ वाटणारा चहा कोमट झाला की दाट होतो. म्हणजे तो ज्या घडीला तोंडात जाणार, त्या घडीला बघायला हवा. मग ती प्रत्येक वेळी वाटी हाताच्या उलट्या बाजूला लावून बघू लागली आणि मगच थेंब ठेवू लागली.

शेवटी दोन थेंब एकमेकांच्या शेजारून उतरले. माळशेज घाटात दोन गाड्या एकाच गिअरमध्ये, एकामागोमाग नाही तर जोडीनं उतराव्यात, तसे. ताटलीच्या खालच्या काठाला दोघंही बरोबर टेकले.

बायडाबाईला आनंद झाला असेल, पण तसं तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. तिनं चाखला आणि तोंड वाकडं केलं. तवकिरानं चव दबली होती. तेव्हा तिनं पत्ती वाढवली. आलं ठेचून टाकण्याऐवजी किसून, पिळून नुसता रस घातला, म्हणजे धागा घशात नको. मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळला.

दुपारी एक वाजता नानांना उशा लावून ताठ बसवलं. हनुवटी खाली. बायडाबाईनं चमचा ओठांशी नेला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं त्यांच्या घशावर अलगद ठेवली.

नानांच्या जिभेवर चहा आला. आधी गोडी आली, मग आल्याचा चटका, आणि मग सगळ्यात शेवटी, मागून, पत्तीचा तो कडसर तुरटपणा. घोट जिभेवरून सावकाश, कुणाला न ढकलता मागं गेला. घशाची घाटी वर उचलली गेली आणि खाली आली. बायडाबाईच्या बोटांना ते कळलं. तिनं दुसरा चमचा भरला.

नानांनी आयुष्यात चहा कायम घाईत प्यायला होता. कंडक्टर घंटी मारायचा, प्रवासी चढायचे, उरलेला घोट उभ्यानं घशात ओतावा लागायचा. आता प्रत्येक चमच्याला वेळ होता. त्या दुपारी त्यांना वाटलं, चहात एवढ्या गोष्टी असतात हे आपल्याला कधी कळलंच नव्हतं. समोर बसलेल्या या बाईला मात्र सगळं ठाऊक होतं.

त्यानंतर रोज दोनदा चहा होऊ लागला. गुरुवारी नानांचा उपास असायचा, त्या दिवशी कॉफी. तवकीर उपासाला चालतंच. कॉफी तिला सोपी गेली, कारण दूध आटवलं की तीच अर्धी दाट होते. वर जायफळ सहाणेवर उगाळून घालायची. किसायची नाही, कण नकोत म्हणून. कॉफीचा वास मधल्या खोलीत आला की नाना स्वतःच डाव्या हातानं उशी ओढून बसायचा प्रयत्न करत.

पण दोन आठवड्यांनी एक अडचण आली. चहा अर्ध्याच्या वर छान जायचा आणि शेवटच्या चार-सहा चमच्यांना नानांना ठसका लागायचा. रोज शेवटीच. एक दिवस ठसका इतका लांबला, की त्यांचा चेहरा काळानिळा पडला. सुनील घाबरला. त्यानं मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, मी बघेपर्यंत चहा बंद ठेवा.

बायडाबाईनं त्याच घडीला चहा बंद केला. नानांना वाटलं, आता ही बसेल, थकेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्याशी उभीच होती. तिनं नेहमीचा दाट चहा केला आणि दोन वाट्यांत सारखा ओतला. एक वाटी तशीच झाकून ठेवली. दुसरीतला चहा ती स्वतः चमच्यानं खाऊ लागली, नानांना भरवायची त्याच सावकाशीनं. अर्धी वाटी झाल्यावर तिनं तिरकी ताटली घेतली आणि दोन्ही वाट्यांतला एकेक थेंब ठेवला.

झाकलेल्या वाटीतला थेंब मधाच्या चालीनं उतरला. खाल्लेल्या वाटीतला पाण्यासारखा पळाला.

"ज्योती," तिनं हाक मारली. "हिकडं ये. एकाच पातेल्यातला चहा हाय ह्यो दोन्हीकडं. मंग ह्यो फुटला कशानं?"

ज्योती वाकून बघत राहिली.

बायडाबाई हातातल्या चमच्याकडं बघत होती. "उष्ट्यानं," ती हळूच म्हणाली. "खिरीत उष्टा चमचा गेला की खीर पानी सोडती. तोंडातला चमचा परत वाटीत बुडवतो आपन. थुका लागतो. शेवटाला पार पातळ हुतंय, अन् त्यांना ठसका लागतोय."

नानांनी हे ऐकलं. ज्या ठसक्यावरून सगळं घर घाबरलं होतं, तो या बाईनं दोन वाट्या आणि एक ताटली घेऊन शोधून काढला होता. त्यांच्या अंगावर काटा आला. डाव्या अंगावर आला तो त्यांना जाणवला. उजवीकडेही आला असेल.

पुढच्या खेपेला मॅडम शेवगावला आल्या तेव्हा बायडाबाई पिशवीत थर्मास, दोन वाट्या आणि ताटली घेऊन गेली. नाना चाकाच्या खुर्चीत होते. दवाखान्याच्या टेबलावर तिनं सगळं मांडलं, आणि चमचा उष्टा करून, ढवळून, दहा मिनिटांनी थेंब सोडून दाखवले. मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या. त्यांनी दोन्ही वाट्यांत स्वतः चमचा घालून बघितला.

"हे मला कॉलेजात शिकवलं होतं," त्या म्हणाल्या. "लाळेनं पिठाचा दाटपणा मोडतो. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. राहून गेलं माझ्याकडून."

"तुमी किती जनांचं ध्यानात ठिवताल," बायडाबाई म्हणाली. "तुमच्याकडं शंभर पेशंट. मला एकच हाय."

मॅडमनी नानांचं गिळणं पुन्हा तपासलं आणि चहाला परवानगी दिली. तेव्हापासून बायडाबाई चहा पातेलीत झाकून ठेवायची, लहान वाटीत तीन-तीन चमचे घ्यायची, आणि दर वेळी धुतलेली वाटी, धुतलेला चमचा. पुढं ठसका लागला नाही.

महिन्याभरानं मॅडमचा फोन आला. तालुक्यातले अजून काही पेशंट आहेत, त्यांच्या घरच्यांना एकदा येऊन दाखवाल का? बायडाबाई आधी नको म्हणाली. आपल्याला चार लोकांत बोलता येत नाही म्हणाली. मग गेली.

दवाखान्याच्या वरच्या खोलीत पाच घरची माणसं होती. बायडाबाईनं शेगडीवर पातेलं ठेवलं, आणि बोलायचं विसरून ती चहाच करायला लागली. करता करता बोलणं आलं. "आवाज ऐका उकळीचा. आता न्हाई, आजून न्हाई. हां, आता." पाचही घरची माणसं माना कलत्या करून पातेल्याचा आवाज ऐकत होती. नाना कोपऱ्यात खुर्चीवर होते. एकतीस वर्षांत त्यांनी गाडीभर माणसं गप्प बसलेली क्वचितच बघितली होती, आणि तीही घाटाच्या वळणावर.

पेशंटपैकी बोधेगावचे कानिफनाथ म्हणून एक गृहस्थ बायकोबरोबर स्वतःच आले होते. चार महिने त्यांच्या पोटात चहा नव्हता. मॅडमनी घशावर बोटं ठेवली आणि बायडाबाईनं चमचा दिला. त्यांनी गिळलं. मग त्यांनी बायकोचा हात धरला आणि अडखळत म्हणाले, "हिला दे. हिला चाखव." त्यांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

घरी परतायला संध्याकाळ झाली. बायडाबाई मधल्या खोलीत चटई टाकून आडवी झाली. दिवसाउजेडी ती आडवी झालेली नानांनी या पाच महिन्यांत बघितली नव्हती. ज्योतीनं गॅस पेटवला आणि हातात पातेलं घेऊन तशीच उभी राहिली.

"आईंना चहा कसा लागतो?" तिनं सुनीलला विचारलं.

सुनील डोकं खाजवत म्हणाला, "कसा बी घेती ती. काय म्हाईत."

"चल," नाना म्हणाले.

ज्योतीनं वळून बघितलं. नानांनी डावा हात उचलला होता. ते ओट्याकडं बोट दाखवत होते. ज्योतीनं साखरेचा डबा उचलला. नानांनी चिमूट दाखवली, एवढीशीच. आल्याला मान हलवली, नाही. दुधाला एक बोट दाखवलं, एक चमचा. पत्ती टाकल्यावरही बोट खाली आलं नाही. ते फळीच्या टोकाकडं, मिठाच्या बरणीमागं बघत होते. ज्योतीनं बरणी सरकवली. मागं एक डबी निघाली, तिला कधी न दिसलेली. झाकण उघडलं तर आत वेलदोड्याची सालं होती. सणावाराला दाणे सगळ्यांच्या पानात गेल्यावर उरलेली. बायडाबाई सगळ्यांचं झाल्यावर त्यातली दोन सालं अर्धा कप पाण्यात उकळून घेई, हे रोज कुणाला दिसणार? एक पलंगावरचा माणूस सोडून.

चहा झाला. ज्योतीनं कप नेऊन दिला. बायडाबाई उठून बसली, एक घोट घेतला आणि थांबली.

"सालांचं तुला कुनी सांगितलं गं?"

ज्योतीनं नानांकडं बघितलं.

बायडाबाईनंही बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ती चटईवरून उठली, कप घेऊन पलंगाच्या कडेला नानांच्या डाव्या अंगाला येऊन बसली, आणि दुसरा घोट घेतला.

"जरा पानचट झालाय," ती म्हणाली.

नाना हसले. अर्धाच चेहरा हसला, पण पुष्कळ वेळ हसला. बायडाबाई बसल्या बसल्या कप रिकामा होईपर्यंत चहा पीत राहिली.